भाताचे मूळ आणि पेशीपटल
कर्जत-खालापूरच्या खाचरांतील द्रव्यवहनाचा विचार

रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा) पूर्वेस, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी, कर्जत व खालापूर हे दोन तालुके आहेत. कर्जतमधून उल्हास व खालापुरातून पाताळगंगा वाहते. येथे वार्षिक पाऊस ३००० मि.मी.हून अधिक पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत संपतो. अशा मुलखात खरिपाचे पीक म्हणजे भात, हे ओघानेच आले. कर्जत येथील भात संशोधन केंद्राने प्रसृत केलेल्या व गावाचेच नाव धारण करणाऱ्या अनेक जाती आज कोकणाबाहेरही पेरल्या जातात. परंतु जात कोणतीही असो, एक अडचण सर्व खाचरांना समान आहे. उभ्या पाण्यात फेकून दिलेल्या यूरियातील नायट्रोजनापैकी सर्वसाधारणपणे ३० ते ४० टक्केच पिकाच्या अंगी लागतो. उरलेला हवेत उडतो, पाण्याबरोबर वाहून जातो किंवा जमिनीत रूपांतर पावतो. दोन-चार खाचरांच्या धन्याने उसनवारीने आणलेल्या खताच्या गोणीतील अर्ध्याहून अधिक माल अशा रीतीने वाया जातो, आणि ज्या भागाचा उपयोग होतो तोही एका अत्यंत पातळ पडद्यातून गाळून घेतल्यावाचून रोपात शिरू शकत नाही. तो पडदा म्हणजे मुळाच्या पेशीचे पटल.

‘मूळ जमिनीतून अन्न शोषून घेते’ हे शालेय पुस्तकातील वाक्य सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. त्यामुळे मूळ म्हणजे जणू एक वात असून द्रव आपोआप वर चढतो, अशी कल्पना होते. वस्तुतः जमिनीतील द्रावण आणि पेशीतील जीवद्रव्य यांची घटना सर्वस्वी भिन्न असते. पेशीत पोटॅशियम पुष्कळ व सोडियम अल्प असते. बाहेर हे प्रमाण बहुधा उलट, निदान निराळे असते. हा भेद जोवर टिकतो तोवर पेशी जिवंत राहते. (‘पेशी’ की ‘कोशिका’ ह्या पारिभाषिक वादात येथे शिरण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळलेला ‘पेशी’ हाच शब्द येथे योजला आहे.)

पेशीपटलाची जाडी सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या सात-आठ पट असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी सुमारे ५०० पदार्थ घेऊन जिवंत पेशींवर प्रयोग केले. जे पदार्थ तेलात सहज विरघळतात ते पेशीत झटकन शिरतात, असे त्यांना आढळले. पटल मेदमय असले पाहिजे हे अनुमान त्यातून निघाले. १९२५ मध्ये गॉर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद काढून पाण्यावर पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते असे दाखविले. पटल दुपदरी आहे, हे त्यावरून ठरले. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या व त्या एकमेकींना छेदून गेल्या, ही गोष्ट पुढे उघडकीस आली. निष्कर्ष मात्र टिकला. १९७२ मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी ह्या दुपदरी मेदात प्रथिनांचे रेणू तरंगत असतात, काही आरपार गेलेले असतात, असे चित्र मांडले. आजचे पटलविज्ञान त्याच चित्राच्या तपशिलात भर घालीत आले आहे.

मेदाच्या ह्या दोन पदरांमधील भाग पाण्याशी फटकून वागतो. म्हणून लहान व विद्युत्‌भाररहित रेणू, उदा. ऑक्सिजन, कार्बन डाय-ऑक्साइड, अमोनिया, त्यातून विनासायास जातात. पाणीही बऱ्यापैकी जाते. यूरियाचा रेणू भाररहित असला तरी पाण्याशी घट्ट बंध जोडणारा असल्याने तो फार सावकाश जातो. ज्यांच्यावर विद्युत्‌भार आहे असे आयन तर जवळजवळ जातच नाहीत. शुद्ध मेदपटलातून पाण्याच्या व सोडियमच्या पारगमनात एक अब्जपट किंवा त्याहूनही अधिक तफावत असते. आता पिकाला लागणारी बहुतेक खनिज द्रव्ये जमिनीत आयनरूपानेच असतात. तेव्हा मेदाचे पटल हा अडसर, आणि त्यात बसविलेली प्रथिने ह्या त्यातील राखणदार असलेल्या खिडक्या, अशी एकूण व्यवस्था आहे.

ह्या खिडक्यांचे अस्तित्व रसायनदृष्ट्या वेगळे काढून दाखविण्यापूर्वीच तर्काने सिद्ध झाले होते. १९५२ मध्ये एप्स्टाइन व हेगन यांनी तोडलेल्या बार्लीच्या मुळांना निरनिराळ्या तीव्रतेची द्रावणे देऊन आयनग्रहणाचा वेग मोजला. तीव्रता वाढविली की वेग वाढतो, पण एका मर्यादेनंतर वाढेनासा होतो, असे दिसले. साध्या विसरणाने असे होणार नाही. विसरणाचा वेग तीव्रतेच्या प्रमाणात वाढतच गेला असता. एंझाइमाची जागा भरली म्हणजे जशी क्रिया वेग घेत नाही, तसेच हे होते. तेव्हा मुळाच्या पृष्ठभागावर मोजक्याच वाहक-जागा असल्या पाहिजेत. ह्या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ खत टाकणाऱ्याने नीट ध्यानी घ्यावा. एकाच दिवशी दुप्पट खत दिल्याने मूळ दुप्पट घेत नाही. खिडक्या भरल्या की उरलेले बाहेरच राहते, आणि बाहेर राहिलेल्याची वाट कोणती ते पुढे येईल.

वाहकांना बळ कोठून मिळते, हा पुढचा प्रश्न. वनस्पतिपेशीचे पटल एटीपी ह्या ऊर्जाद्रव्याचा व्यय करून प्रोटॉन बाहेर फेकीत असते. त्यामुळे पेशीचा आतील भाग बाहेरच्या मानाने ऋणभारित होतो. हा फरक मुळाच्या पेशीत सामान्यतः १०० ते २०० मिलिव्होल्ट इतका असतो. एकसंयुजी धन आयनाच्या बाबतीत दर ५९ मिलिव्होल्टमागे दसपट संचय होऊ शकतो. म्हणजे ११८ मिलिव्होल्टचे वर्चस् असल्यास अमोनियम आयन केवळ विद्युत्‌ आकर्षणाने आत शंभरपट साठू शकेल. नायट्रेट हा ऋण आयन असल्यामुळे त्याला ह्या चढावर ढकलावे लागते. बाहेर पडलेले प्रोटॉन परत आत येताना त्याला आपल्याबरोबर ओढून आणतात. बाहेर साठलेल्या प्रोटॉनांच्या ओढीतून काम करून घेण्याची ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. आरंभी तिला फारसे कोणी मानले नाही. १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रोटॉनचा पंप चालण्यास एटीपी हवे, एटीपीसाठी श्वसन हवे आणि श्वसनासाठी ऑक्सिजन हवा. चिखलणी केलेल्या खाचरात मात्र ऑक्सिजन नसतो. पाण्यातून त्याचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट सावकाश होते, आणि जे थोडे झिरपते ते वरच्या काही मिलिमीटरांतील सूक्ष्मजंतू संपवून टाकतात. ज्वारी किंवा तूर अशा चिखलात पंप बंद पडून मरते. भात तगतो, कारण त्याच्या खोडात व मुळात वायूतक नावाची पोकळ्यांची जाळी असते आणि तिच्यातून पानांकडील हवा मुळाच्या टोकापर्यंत उतरते. ऑक्सिजन वाटेतच गळून जाऊ नये म्हणून मुळाच्या बाह्यत्वचेवर सुबेरिनाचा लेपही चढतो. टोकाशी जो थोडा वायू बाहेर पडतो त्याने भोवतालच्या विद्राव्य लोहाचे तांबूस कवच बनते. आवणीनंतर काही दिवसांनी उपटलेल्या रोपाची मुळे गंजल्यासारखी दिसतात ती ह्यामुळे. त्यात रोगाचे चिन्ह काही नाही.

ऑक्सिजनरहित मातीत नायट्रेट टिकत नाही. सूक्ष्मजंतू त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. यास्तव खाचरातील भात मुख्यतः अमोनियमवर जगतो, आणि त्याच्या मुळांत अमोनियमच्या वाहक प्रथिनांचे एक मोठे कुल आहे. येथे एक मौजेची गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. बाहेर अमोनियम अतोनात असल्यास बार्लीच्या मुळात तो लोटला जातो, व पेशी पुन्हा ऊर्जा खर्चून त्याचा मोठा भाग बाहेर फेकीत बसते. हा व्यर्थ उपद्व्याप भाताच्या मुळात घडत नाही, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. भाताची पेशी आपले वर्चस्‌च कमी करते, त्यामुळे आत येण्याची ओढ मंदावते. दलदलीत वाढलेल्या वनस्पतीने दलदलीतील अन्नाशी केलेली ही तडजोड आहे.

आता फेकलेल्या यूरियाचे काय होते ते पाहू. खाचरातील यूरिएज एंझाइम काही दिवसांतच त्याचे विघटन करून अमोनियम बनविते. अमोनियम व अमोनिया यांच्यात सतत देवघेव चालू असते आणि तिचा तोल पाण्याच्या पीएच मूल्यावर अवलंबून असतो. पीएच ७ असताना दर २०० भागांत अमोनियाचा सुमारे १ भाग असतो. ९.२ च्या सुमारास दोन्ही निम्मेनिम्मे होतात. उघडीप पडून ऊन आले की खाचरातील शेवाळ प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड ओढून घेते, आणि दुपारी पाण्याचा पीएच ९ च्याही वर जातो. अमोनिया भाररहित आहे. तो पाण्याच्या पृष्ठभागावरून वायुरूपाने उडून जातो. ज्या गुणामुळे हा रेणू पेशीपटलातून कोणाची परवानगी न घेता आरपार जातो, त्याच गुणामुळे तो शेतकऱ्याच्या हातून निसटतो. इतकेच नव्हे, तर दाट अमोनिया कोवळ्या मुळाच्या पेशीत वाहकाला टाळून घुसतो व पेशीला बाधतो. पाऊस लागलेला असेल तर दुसरी वाट खुली होते. बांध फुटून पाणी खालच्या खाचरात व तेथून ओढ्याला जाते आणि बरोबर यूरियाही नेते.

ह्या दुहेरी गळतीवर कोकणात जो उपाय पुढे आला तो डॉ. नारायण सावंत यांच्या नावाशी निगडित असलेल्या ‘चारसूत्री’ पद्धतीत समाविष्ट आहे. यूरिया व डीएपी ६० : ४० या प्रमाणात दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी (गावात तिला ब्रिकेट म्हणतात) लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सें.मी. खोल खोचावयाची. चूड १५ व २५ सें.मी. अशा आलटून-पालटून अंतरावर लावल्यास सरासरी अंतर २० सें.मी. पडते. म्हणजे हेक्टरी अडीच लाख चूड, त्यांना ६२,५०० गोळ्या, आणि एकूण खत सुमारे १७० किलो. खोल मातीत ऊन नाही, शेवाळ नाही, पीएच उदासीनच्या आसपास राहतो. म्हणून नायट्रोजन अमोनियमच्या रूपातच राहतो, आणि त्याच्या धनभारामुळे मातीचे ऋणभारित कण त्याला धरून ठेवतात.

मग ते अन्न मुळापर्यंत पोचते कसे, अशी शंका येणे साहजिक आहे. गोळी १५ सें.मी. चौकोनाच्या मध्यावर असली तर कोपऱ्यावरचा चूड तिच्यापासून सुमारे ११ सें.मी. दूर असतो. लहान आयनाचे पाण्यातील विसरण गृहीत धरून हिशेब केला, तर १० मायक्रोमीटर एवढे, म्हणजे साधारण एका लहानशा पेशीच्या रुंदीइतके अंतर तो सेकंदाच्या विसाव्या भागात काटतो. ५ सें.मी. जाण्यास दोन आठवडे लागतात, आणि ११ सें.मी.ना दोन महिन्यांहून अधिक. मातीत हा प्रवास ह्याहूनही रखडतो. हळवे भात चार महिन्यांच्या आत कापणीस येते. तेव्हा अन्न मुळाकडे चालत येईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही, मूळच अन्नाकडे वाढत जाते. विसरण हे पेशीच्या मापाने अतिशय जलद व शेताच्या मापाने अतिशय मंद असते, ही गोष्ट पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्याही लक्षात सहसा राहत नाही. पेशी लहान का असतात आणि मुळांना एवढ्या शाखा का फुटतात, ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर अंतराच्या ह्याच वर्गात दडलेले आहे.

गोळी नेमकी मध्येच का, चुडाच्या बुडाशी का नको, ह्याचे उत्तर तर्षणात आहे. एका गोळीत सुमारे १.६ ग्रॅम यूरिया व १.१ ग्रॅम डीएपी असते. ती भोवतालच्या १०० घ. सें.मी. पाण्यात विरघळली असे मानले तर द्रावणाचा तर्षण दाब नुसत्या हिशेबाने १२ वातावरणांच्या पुढे जातो. मुळाच्या पेशीतील रसाचा दाब बहुधा ५ ते १० वातावरणे असतो. अशा ठिकाणी पाणी पेशीतून बाहेर ओढले जाते, जीवद्रव्य भित्तीपासून सुटून आक्रसते आणि रोप पाण्यात उभे असून सुकते. ‘खताने रोप जळाले’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा ज्वाळेचा संबंध नसला तरी त्याचे निरीक्षण बिनचूक असते.

चारसूत्रीतील दुसरे एक सूत्र वरवर पाहता क्षुल्लक वाटते, पण पटलविज्ञानाच्या दृष्टीने ते सर्वांत मनोरंजक आहे. गिरणीत निघणाऱ्या भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळावयाची. कोकणात राब भाजण्याची चाल फार जुनी. शेण, पालापाचोळा, कवळे व गवत पसरून दाढीची जमीन उन्हाळ्यात भाजतात. ह्या पद्धतीचा अभ्यास डॉ. हॅरल्ड मान व त्यांचे सहकारी यांनी १९१२ मध्येच प्रसिद्ध केला होता. राबाने डोंगरउतारावरील झाडांच्या फांद्यांचा दरसाल संहार होतो, ही त्या चालीची काळी बाजू. तुसाची राख मात्र गिरणीच्या उकिरड्यावर फुकट पडलेली असते. तिच्यात प्राधान्याने सिलिका असते. मंद आचेवरच्या काळ्या राखेतील सिलिका अस्फटिक असल्याने पाण्यात थोडीथोडी विरघळते. प्रखर भट्टीतील पांढऱ्या राखेची सिलिका स्फटिकरूप होऊन फारशी विरघळत नाही. राख काळीच घ्यावी असे सांगतात त्यामागील कारण हे.

विरघळलेली सिलिका म्हणजे सिलिसिक अम्ल. पीएच ९ च्या खाली त्याचा रेणू भाररहित असतो. मग तो आपोआप आत जात असेल असे वाटावे, पण पाण्याशी जखडलेला असल्याने तो मेदातून जाऊ शकत नाही. आणि तरीही भाताच्या कोरड्या वजनात सिलिकॉनचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत आढळते, जे नायट्रोजनापेक्षाही अधिक आहे. टोमॅटोत ते नगण्य असते. हे कोडे जपानमधील ओकायामा विद्यापीठातील जियान फेंग मा व सहकाऱ्यांनी २००६ व २००७ मध्ये सोडविले. भाताच्या मुळात बाह्यत्वचा व अंतस्त्वचा अशा दोन ठिकाणी पेशींच्या मध्ये जलरोधक पट्टे असतात. द्रावणाला पेशींच्या फटीतून तेथे पुढे जाता येत नाही, पेशीच्या आतूनच जावे लागते. ह्या पेशींच्या बाहेरच्या अंगाला एलएसआय-१ नावाचे प्रथिन बसलेले असते. ते जलमार्गांच्या कुलातील असून सिलिसिक अम्लाला आत सोडते. आतल्या अंगाला एलएसआय-२ असते. ते प्रोटॉनच्या बदल्यात सिलिकॉन बाहेर, म्हणजे मुळाच्या गाभ्याकडे, ढकलते. एकाच पेशीच्या दोन बाजूंस दोन निराळे दरवाजे, एक आत घेणारा व एक पुढे लोटणारा, अशी ही रचना आहे. टोमॅटोच्या मुळात ती अशी जमलेली नाही. एलएसआय-१ निकामी झालेल्या भाताला शेतात निरोगी रोपाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकेच धान्य आले.

पानात पोचलेली सिलिका त्वचेखाली साठून कठीण थर बनते. त्याने करप्याच्या बुरशीला व खोडकिड्याला अटकाव होतो, आणि पाने उभी राहिल्याने ऊन खालपर्यंत पोचते. कर्जत-खालापूरसारख्या दमट व ढगाळ मुलखात ह्या दोन्ही गोष्टींचे मोल निराळे सांगावयास नको. मात्र दरवाजाला माणूस ओळखता येत नाही, माप ओळखता येते. आर्सेनियस अम्लाचा रेणूही आकाराने व भाररहिततेने सिलिसिक अम्लासारखाच आहे. बंगालच्या आर्सेनिकयुक्त पाण्यावर वाढणाऱ्या भातात हे विष ह्याच मार्गाने शिरते, हे २००८ मध्ये दाखविण्यात आले. सिलिकॉनचा पुरवठा वाढविल्यास आर्सेनिकचे शोषण घटते, कारण दोघांची स्पर्धा एकाच मार्गासाठी आहे.

खालापुरातून खाली गेलेली पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते. तेथील खारजमिनीत प्रश्न अन्न आत घेण्याचा नसून सोडियम बाहेर ठेवण्याचा असतो. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राच्या जाती त्यासाठीच निपजविलेल्या आहेत. क्षारसहिष्णुतेचे एक जनुक २००५ मध्ये नोना बोक्रा ह्या भातजातीतून वेगळे करण्यात आले. त्याचे प्रथिन प्रकाष्ठाभोवतीच्या पेशींच्या पटलात असते, आणि वर चाललेल्या रसातून सोडियम परत काढून घेते. पाने त्यामुळे वाचतात.

राहता राहिला उन्हाळी भात. भिवपुरी येथील टाटा जलविद्युत्‌ केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. त्याच्या चक्कीवरून उतरलेले पाणी राजनाला कालव्याने कर्जतच्या खाचरांना मिळते, म्हणून खरीप संपल्यावरही तेथे दुसरे भातपीक घेता येते. परंतु त्याची रोपे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढवावी लागतात, व तेव्हा ती पिवळी पडून खुरटतात. तापमान बरेच उतरले की पटलातील मेदाची प्रवाहिता कमी होते, त्यात तरंगणारी प्रथिने जड होतात, प्रोटॉनचा पंप मंदावतो आणि जलमार्ग आकुंचन पावतात. नायट्रोजन पुढ्यात असूनही रोप उपाशी राहते. अशा वेळी खताची मात्रा वाढविणे निरर्थक होय. संध्याकाळी वाफ्यात पाणी भरावे, म्हणजे ते दिवसाची ऊब रात्री धरून ठेवते, आणि सकाळी गार झालेले पाणी काढून टाकावे. थंडी ओसरली की मेद पुन्हा प्रवाही होतो आणि आठ-दहा दिवसांत रोपांवर हिरवेपणा परत येतो.